मला सोडून सगळ्यांना

संध्याकाळचे सहा वाजले की कोठीकाका कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून खुंटीला अडकवायचे, डोक्यावरची काळी टोपी काढून झटकून पुन्हा घालायचे आणि सगळ्यांचा निरोप घ्यायला निघायचे. आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मावशींना, "येतो हं." मग नळाशी भांडी घासणाऱ्या बाईला, "येतो." मग अंगणातल्या तुळशीला, हात जोडून, जरा हळू आवाजात. मग पायरीवर पसरलेल्या करड्या मांजरीला, "येतो गं. दूध झाकून ठेवलंय, तोंड घालशील तर बघ." आणि शेवटी मोठ्या दरवाजाच्या कडीला हात लावून कडीलासुद्धा, "येतो."

या वाटेवरच माझं ऑफिस होतं. दार सताड उघडं, दिवा लावलेला, टेबलामागे मी. मी काही दिसणार नाही एवढी बारीकही नाही. पण भिंतीवरून जावं तसे ते माझ्यावरून जायचे. चार वर्षं हा कार्यक्रम रोज झाला. म्हणजे मांजरीच्या खाली माझा नंबर, आणि कडीच्याही खाली.

एखादा माणूस आपल्याला आवडत नाही, हे आपण सहज चालवून घेतो. आपण त्याला आवडत नाही, हे मात्र घशाखाली उतरत नाही. तुम्ही कुठे नोकरी केली असेल, चार माणसं हाताखाली असतील, तर असा एखादा तुमच्याही वाट्याला आला असेल. माझ्या वाट्याला कोठीकाका आले.

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत मराठी यात्रेकरूंसाठी एक जुनी धर्मशाळा आहे. चौदा खोल्या आणि मधे अंगण. तिथली कोठी म्हणजे सामानाची खोली. गाद्या, चादरी, बादल्या, तांबे, शिधा, सगळं तिथे. ती कोठी आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ज्यांच्या ताब्यात, ते कोठीकाका. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. गल्लीत कुणी घेत नसे, म्हणून मीही इथे घेत नाही. सात पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज वाईहून आले आणि काशीचेच झाले. काका स्वतः महाराष्ट्रात उभ्या जन्मात एकदाच गेले होते, आणि "पाणी ठीक होतं" एवढंच त्याबद्दल बोलायचे. त्यांची मराठी घरची, पण हिंदीत चांगली भिजलेली. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा ते बासष्टीचे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी इंदूरला दिलेली. शिंदे घाटाच्या वर एका खोलीत एकटे राहायचे, म्हणजे निजायला जायचे. बाकीचा जन्म धर्मशाळेत.

आणि मी त्यांची व्यवस्थापक. नवऱ्याची रेल्वेतली बदली बनारसला झाली आणि मला घरी बसवेना. त्याआधी सोळा वर्षं मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभी होते. येणाऱ्याला हसून "या", जाणाऱ्याला हसून "पुन्हा या", हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की दूधवाल्यालाही मी पुन्हा या म्हणत असे. त्यात मला एक जुना आजार आहे. सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं, असं मला वाटतं. वर्गात बाईंनी, सासरी सासूबाईंनी, हॉटेलात गिऱ्हाइकांनी. बहुतेकांनी म्हटलंही. त्यामुळे या आजारावर कधी औषध घ्यावं लागलं नव्हतं.

धर्मशाळेत मी पहिल्या दिवशीच उत्साहाने कामाला लागले. दरवाजाबाहेर उजव्या हाताला भिंतीत एक रिकामा कोनाडा होता, त्यात क्रोटनची कुंडी ठेवली. आधीच एक पाटी रंगवून घेतली होती, पिवळ्या पत्र्यावर लाल कमळ, जोडलेले हात आणि खाली ठसठशीत "पुन्हा या". ती बाहेर पडणाऱ्याला समोर दिसेल अशी दरवाजाच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगली. काका बाजूला उभे राहून बघत होते. मी विचारलं, "काका, कशी दिसतेय?"

"आपण म्हणाल तसं," ते म्हणाले.

मला वाटलं, केवढा नम्र माणूस! हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कोनाड्यातली कुंडी अंगणात आली होती आणि कोनाड्यात पणती होती. मी विचारलं तर, "तिथे दिवा असतो." का असतो, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गावात नवा आलेला माणूस अशाच ठिकाणी गप्प बसतो, जिथे बोलायला हवं.

"आपण म्हणाल तसं" याचा खरा अर्थ मला गाद्यांच्या दिवशी कळला. मी म्हटलं, काका, आज ऊन चांगलं आहे, गाद्या गच्चीवर घाला. सगळ्या गाद्या गच्चीवर गेल्या. दुपारी माकडांची टोळी आली आणि अर्ध्या तासात शेजारच्या तीन गच्च्यांवर कापूसच कापूस झाला. काका खाली अंगणात बसून सुपारी कातरत होते.

"काका, गाद्या उचलल्या का नाहीत?"

"घाला म्हणालात. उचला असं आपण म्हणाला नव्हतात."

यावर काय बोलणार? काम चुकवलं म्हणावं तर सांगितलेलं शब्दाला शब्द केलेलं. उर्मटपणा म्हणावा तर प्रत्येक वाक्यात "आपण". मी घरी जाऊन नवऱ्यापुढे फणफणायची आणि दुसऱ्या दिवशी नव्या जोमाने त्यांना जिंकायला निघायची. एकदा घरचा चिवडा नेला, खास त्यांच्यासाठी, जास्त खोबरं घालून. "ठेवा तिकडे." दुसऱ्या दिवशी मी लाज सोडून विचारलं, "काका, चिवडा कसा होता?"

"बंदरांनी शिकायत केली नाही."

मावशी पोळपाटावर वाकून हसत होत्या, ते मला पाठीवरून दिसलं.

मग मी त्यांच्या वाढदिवसाला पेढे आणले, तर वाढदिवस हजेरीपटात चुकीचा लागलाय असं कळलं. चारचौघांत त्यांची स्तुती केली, तर ते उठून निघून गेले. शेवटी मी एक शक्कल लढवली. बरोबर सहाला ऑफिसातून उठून मोठ्या दरवाजातच जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता बघू, कडीला येतो म्हणायला माझ्यासमोर यावंच लागेल. सहा वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. मावशी आतून म्हणाल्या, "ते मागच्या दारानं गेले हो. कडीला उद्या सकाळी सांगतो म्हणाले."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

नवरा म्हणाला, "तुला त्याच्याकडून काम करून हवंय की प्रेम?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"रेल्वेत एक मिळालं तरी आम्ही पेढे वाटतो," तो म्हणाला आणि झोपला.

आता एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती, ती सांगायला हवी. आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं यायची. एक दर्शनाला आलेली. दुसरी अस्थी घेऊन किंवा दिवस करायला आलेली, आणि कधी कधी तर इथेच कुणी गेल्यामुळे मणिकर्णिकेवरून परत आलेली. काका गल्लीच्या वळणावरच ओळखायचे, कोण कशासाठी आलंय. दर्शनवाल्यांशी त्यांचं वागणं म्हणजे, "ओळखपत्र? किती जण? जल्दी बोला." पण दुसऱ्या तऱ्हेचं माणूस दारात आलं की ते काही विचारायचे नाहीत. वही नाही, ओळखपत्र नाही. फक्त "बसा" म्हणायचे. तो शब्द ते असा म्हणायचे की उभ्या माणसाचे गुडघे आपोआप वाकायचे. मग कोठीतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून समोर ठेवायचे. पाणी पिऊन होईपर्यंत बाजूला उभे. नंतर तळमजल्यावरची, नळाजवळची खोली. मी सोळा वर्षं हसून स्वागत केलं, पण असं "बसा" मला कधी जमलं नाही. हे दिसत होतं आणि म्हणूनच जास्त लागत होतं. इतकं मऊ बोलता येतं या माणसाला, मग माझ्याच वेळी घोडं कुठे पेंड खातं?

माझी आठ महिन्यांची नोकरी झाली तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावलं. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त शिक्षक, फार सज्जन माणूस. ते म्हणाले, "कोठीवाल्यांची साठी उलटली आहे. दर वर्षी व्यवस्थापकाचा अभिप्राय घेऊन आपण मुदत वाढवतो. या वर्षी तुम्ही लिहायचा. तुम्हाला ते त्रास देतात, असं कानावर आलंय. संकोच करू नका. तुम्ही नको म्हणालात तर नको."

म्हणजे माझ्या दोन ओळींवर त्या माणसाचं उरलेलं आयुष्य होतं. सकाळी उठून तो कुठे जाणार होता? शिंदे घाटावरच्या त्या खोलीत दिवसभर बसून कुणाला येतो म्हणणार होता? हे सगळं मला कळत होतं. तरी ऑफिसात येऊन मी कागद घेतला आणि पहिली ओळ लिहिली, "स्वभाव उर्मट, सहकार्य करत नाहीत." लिहिताना काय बरं वाटलं, म्हणून सांगू! आठ महिन्यांचं उट्टं त्या एका ओळीत निघालं. दुसरी ओळ लिहायला मान खाली घालणार, तेवढ्यात अंगणात हालचाल झाली म्हणून खिडकीतून पाहिलं.

एक म्हातारी आई आणि तिचे दोन मुलगे निघाले होते. वडिलांचे दिवस करून झालेले, दोघांची डोकी भादरलेली. ते पिशव्या उचलत होते, तेवढ्यात काका लगबगीने त्यांच्या आधी दरवाजाशी गेले आणि माझी पिवळी पाटी त्यांनी उलटी केली. कमळ, हात, अक्षरं भिंतीकडे, कोरा गंजका पत्रा पुढे. मग बाजूला होऊन हात जोडून उभे राहिले. ती तिघं समोरून गेली. कुणी कुणाला येतो म्हणालं नाही, या म्हणालं नाही. गल्लीच्या वळणापलीकडे ती दिसेनाशी झाल्यावर काकांनी पाटी पुन्हा सुलटी केली आणि सुपारी कातरायला बसले.

मी पेन खाली ठेवलं. ती पाटी उलटी झालेली मी पूर्वीही दोन-तीनदा पाहिली होती. वाऱ्याने फिरली असेल म्हणून मीच काकांना सांगितलं होतं, "काका, पाटी नीट करा जरा." आणि त्यांनी "आपण म्हणाल तसं" म्हणून नीट केली होती.

दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. निघणाऱ्याला पुन्हा या म्हणत नाहीत. हे मला का माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. माझ्या आजोळी, सासरी, सगळीकडे पाळतात. पण हॉटेलच्या टेबलामागे सोळा वर्षं घालवली आणि दारातून बाहेर पडणारं प्रत्येक माणूस मला गिऱ्हाईकच दिसायला लागलं.

मी स्वयंपाकघरात गेले. "मावशी, काका पाटी कधीपासून फिरवतात?"

"लावलीत त्या दिवसापासून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

मावशींनी हातातली लाटी खाली ठेवली. "सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमचा पहिला दिवस. सोलापूरकडची एक बाई होती, आठवते? नवऱ्याबरोबर दर्शनाला आली होती. तो इथंच दवाखान्यात गेला. मणिकर्णिकेवर सगळं करून ती संध्याकाळी भाच्याबरोबर गाडीला निघाली. तुम्ही दारात होतात."

आठवलं. हिरवट लुगड्यातली, ठेंगणी बाई. मी पाटीखालीच उभी होते आणि नव्या उत्साहात तिचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "पुन्हा यायचं हं, नक्की!" तिने माझ्याकडे पाहिलं होतं. मी हसले होते. ती दवाखान्यातून आलीय की घाटावरून, हे मी विचारलंही नव्हतं.

"ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन पायरीवर बसली आणि रडली," मावशी म्हणाल्या. "कोठीकाका स्टेशनपर्यंत गेले तिच्याबरोबर. परत आले ते तुमच्याशी असे."

 त्या कोनाड्याचं मग मी विचारलंच. अस्थींचं गाडगं कुणी घराच्या आत नेत नाही, ते बाहेर कोनाड्यात ठेवतात, म्हणून तिथे दिवा. तिथे मी क्रोटन ठेवलं होतं.

मी सरळ जाऊन स्टुलावर चढले, पाटी खिळ्यावरून काढली आणि घेऊन काकांसमोर उभी राहिले. "काका, माझं चुकलं. फार चुकलं."

काकांनी अडकित्ता थांबवला. माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. आता हा माणूस विरघळणार, असं मला वाटलं. माझे तर डोळेही भरून आले होते.

"आपण म्हणाल तसं," ते म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

आणि त्या संध्याकाळी सहाला मावशी, तुळस, मांजर, कडी. मी नाहीच.

मला आधी राग आला. मग, खरं सांगते, मी एकटीच हसायला लागले. चूक कबूल केली की समोरच्याने आपल्यावर प्रेम करायला लागायचं, असं कुठे लिहिलंय? त्यांनी माझी माफी घेतली नव्हती आणि नाकारलीही नव्हती. त्यांना मी पसंत नव्हते, एवढंच. आणि ते कोठीचं काम जगात कुणी करणार नाही असं करत होते. या दोन गोष्टी मी आठ महिने एकाच पिशवीत कोंबत होते आणि पिशवी फाटते म्हणून रडत होते.

तो अर्धा लिहिलेला कागद मी फाडला आणि नवा घेतला. लिहिलं, "माझ्याशी तुसडे वागतात. मी त्यांना आवडत नाही, त्याला कारण आहे. आलेल्या दुःखी माणसाला कसं घ्यावं, हे त्यांना येतं, मला अजून येत नाही. मुदत अवश्य वाढवावी." सही केली, पाकीट अध्यक्षांकडे पाठवलं. दिवसभर घट्ट बूट घालून हिंडावं आणि घरी येऊन ते काढावेत, तसं मला त्या दिवशी वाटलं.

त्यानंतर मी चिवडा नेणं बंद केलं. सहाला दरवाजात उभं राहणं बंद केलं. काम सांगताना शेवटपर्यंत सांगायला शिकले, "गाद्या घाला, माकडं आली तर उचला, नाही आली तर चारला उचला." आणि अडलं की सरळ विचारायला लागले, "काका, इथे काय रीत आहे?" ते भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे, पण द्यायचे. त्या भिंतीला सांगितलेल्या गोष्टींवर मी धर्मशाळा चालवायला शिकले. तीन वर्षं आमचं उत्तम चाललं. प्रेमाचा एक शब्द नाही आणि एका चादरीची गफलत नाही.

एकदा दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांना वरची हवेशीर खोली हवी होती. मी ती गुडघे न दुखणाऱ्या, तरण्या मंडळींना दिली होती आणि या गृहस्थांच्या वृद्ध आईसाठी यांना खालची. ते काकांकडे तणतणत गेले. मी कोठीच्या मागेच होते. "तुमच्या मॅनेजरबाई फार कडक आहेत हो," ते म्हणाले.

"आहेत," काका म्हणाले. "मलाही पसंत नाहीत. पण खोली त्या म्हणतील तीच मिळेल. उचला सामान."

मी मागच्या मागे ऑफिसात आले आणि स्वतःसाठी एक चहा जास्त मागवला. इतकी चांगली शिफारस मला लोणावळ्यातही कुणी दिली नव्हती.

मग काकांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. किल्ल्या बोटांनी चाचपून ओळखायचे, पण गल्लीच्या वळणावर कोण आलंय ते दिसेना. मुलगी इंदूरहून न्यायला आली. काशी सोडून म्हातारपणी बाहेर जायचं, हे काशीच्या माणसाला केवढं असतं, ते मी सांगायला नको.  अध्यक्षांनी शाल-नारळ दिला, त्यांनी शाल मावशींना दिली आणि नारळ तुळशीपाशी ठेवला.

सहा वाजले. जुडगा खुंटीला लागला, टोपी झटकून झाली. मावशींना, "येतो हं." मावशी पदराने तोंड झाकून उभ्या. भांडीवालीला, तुळशीला, मांजरीला. मुलगी दरवाजाबाहेर बॅगा घेऊन थांबलेली. मी टेबलामागे बसून होते. खरं सांगते, मी वाट बघत नव्हते. चार वर्षांत माझी ती वाट बघून संपली होती.

पण पावलं ऑफिसाच्या दाराशी थांबली. मी उठून उभी राहिले.

"कागद अध्यक्षांनी वाचून दाखवला होता मला," ते म्हणाले. "तेव्हाच."

"अच्छा."

"आवडत नाही असं लिहिलंत. कारण आहे असंही लिहिलंत." ते थांबले. "कारण आता राहिलं नाही. पण सवय राहिली."

"असू दे काका," मी म्हणाले. "मलाही सवय झालीय."

मी हसत होते, आणि हसताहसता माझा आवाज कधी फुटला ते मला कळलंच नाही. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू आलं. ते वळले आणि भिंतीला हात लावत कोठीत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले, आणि हाताने टेबलाची कड शोधून त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. शेजारी गुळाचा खडा.

"बसा," ते म्हणाले.

माझे गुडघे आपोआप वाकले. मी पाणी पिऊन होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले. मग दरवाजाशी गेले, कडीला हात लावला, हळूच येतो म्हणाले आणि मुलीचा हात धरून गल्लीत उतरले.

मला येतो म्हणाले नाहीत. मीही पुन्हा या म्हणाले नाही. मी तो गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वळणापलीकडे त्यांची काळी टोपी दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले. मला फार हायसं वाटत होतं.